टाकीवरचा वीरू आणि लुकलुकणारं आभाळ: विटांच्या फिल्ममधला फ्लिकर कसा पकडायचा

लेगोच्या विटांनी गाजलेला सीन उभा करून फ्रेमफ्रेमने शूट करणाऱ्यांची, म्हणजे स्टॉप मोशनवाल्यांची, एक तक्रार हटकून येते. सेट झकास झाला, माणसं बऱ्यापैकी चालतात, पण मागचं आभाळ लुकलुकतं. फोटो एकेक करून पाहिले तर सगळे सारखे दिसतात. सेकंदाला बारा या वेगाने पळायला लागले की उजेड नाचायला लागतो. मग कोणीतरी सांगतं, ‘एक्सपोजर लॉक कर,’ म्हणजे कॅमेऱ्याला उजेड आपल्या मनाने कमी-जास्त करू देऊ नकोस. केलं की थोडं बरं वाटतं आणि पुढच्या रविवारी तेच दुखणं पुन्हा हजर.

फ्लिकरची कारणं पाच-सहा आहेत आणि पडद्यावर ती घाईघाईत सगळी सारखीच दिसतात. एक बंद केलं की त्याच्या मागे लपलेलं दुसरं उघडं पडतं. म्हणून उपाय करत सुटण्याआधी लुकलुक नीट बघायची. पूर्ण फ्रेम हलते की एकच कड? उजेड बदलतो की रंग? झटक्याने की हळूहळू? एवढं कळलं की चोर निम्मा सापडला.

उदाहरणाला ‘शोले’तला (१९७५) टाकीचा सीन घेऊ. वर वीरू, खाली जमलेलं गाव, मावशी, बसंती, आणि या सगळ्यांच्या मागे मोकळं आभाळ. विटांनी करायला हा सीन सोपा वाटतो, कारण सेट एकच आणि टाकी जागची हलत नाही. घोडं पेंड खातं ते आभाळापाशी. निळ्या कार्डशीटचा एवढा मोठा सपाट तुकडा फ्रेममध्ये असला की उजेडातला जरासा फरकही डोळ्यांत खुपतो. हाच फरक विटांच्या भिंतीवर, दुकानाच्या फळीवर किंवा झाडाझुडपांत सहज खपून जातो. त्यामुळे ‘माझा आधीचा सीन तर ठीक आला होता’ हा पुरावा धरू नका. फ्लिकर तेव्हाही असेल, फक्त त्याला दिसायला जागा नव्हती.

हिशेबही बघून घ्या. सेकंदाला १२ फ्रेम धरल्या तर २० सेकंदांच्या सीनला २४० फ्रेम लागतात. वीरूला डोलवायचं, खालच्या दोन-चार जणांची मान फिरवायची, हात बाहेर काढायचा, बटण दाबायचं. फ्रेमला एक मिनिट लागलं तरी चार तास गेले. चार तासांत सूर्य आकाशात ६० अंश सरकतो, सोसायटीचा पंप चालू होऊन बंद होतो, फ्रिजचा कॉम्प्रेसर कितीदा तरी सुरू होतो आणि तुम्ही दोनदा चहाला उठून खुर्ची वेगळ्या जागी ठेवता. यातली प्रत्येक गोष्ट आभाळावर उमटते.

सुरुवात एका रिकाम्या धावेने करा. सेट लावा, कॅमेरा लावा, दिवे लावा आणि कशालाही हात न लावता, खोलीच्या कोपऱ्यात उभं राहून रिमोटने पन्नासेक फ्रेम घ्या. ब्लूटूथ रिमोट नसेल तर वायरवाल्या इयरफोनचं आवाज वाढवायचं बटण बहुतेक फोनवर शटरचं काम करतं. फ्रेममध्ये एका कोपऱ्यात, शेवटी कापून टाकता येईल अशा जागी, एक पांढरी दोन-बाय-चार वीट ठेवा. हा आपला साक्षीदार. मग गिम्पसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आठ-दहा फ्रेम उघडा आणि रंग उचलायच्या टूलने त्या विटेवर दर वेळी त्याच जागी टिचकी मारून लाल, हिरव्या, निळ्याचे आकडे बघा. तिन्ही आकडे बरोबर वर-खाली होत असतील तर उजेडाचा मामला आहे. लाल वर आणि निळा खाली, किंवा उलट, असं होत असेल तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा साधतो तो रंगांचा तोल, भटकतोय. वीट जुनी होऊन पिवळट पडलेली असली तरी चालेल. तिची तुलना तिच्याशीच करायची आहे.

रिकाम्या धावेतही लुकलुक दिसली तर दोष कॅमेऱ्यात, दिव्यात किंवा खिडकीत. रिकामी धाव स्वच्छ आली आणि काम करताना लुकलुक आली तर दोष तुमच्यात. हे दुसरं जास्त वेळा निघतं, पण त्यावर विश्वास बसायला वेळ लागतो.

आधी कॅमेरा. फोनवर ऑटो एक्सपोजर, ऑटो व्हाइट बॅलन्स आणि ऑटो फोकस हे तिघेही बंद पाहिजेत. पडद्यावर बोट दाबून धरून होणारं लॉक पुरेसं नाही. ते बऱ्याच फोनवर उजेड आणि फोकस धरतं, रंग मोकळा सोडतं. त्याची खूण अशी: लाल साडीतली बाई फ्रेममध्ये आली की आभाळ किंचित हिरवट होतं, गेली की पुन्हा निळं. यावर प्रो मोड, किंवा स्टॉप मोशन स्टुडिओसारखं ॲप, जिथे आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता), शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा) आणि केल्व्हिनमधला (उजेडाच्या रंगाचं माप) व्हाइट बॅलन्स आकड्याने बसवता येतो. एचडीआर (अनेक फोटो मिसळून एक करायची सोय) बंद, नाइट मोड बंद. आणि फोनमध्ये ‘सीन ओळखून’ फोटो सुधारायची सोय असेल तर ती आधी बंद करा. निळी कार्डशीट दिसली की तिला वाटतं खरं आभाळ आहे. एका फ्रेमला निळं गडद करते, पुढच्या फ्रेमला मत बदलते. असल्या हुशारीचा आपल्याला काही उपयोग नाही.

डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, वापरणाऱ्यांचं एक वेगळंच दुखणं असतं. प्रत्येक फोटोला लेन्सचं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं भोक, मिटतं आणि उघडतं आणि दर वेळी केसभर वेगळ्या जागी मिटतं. सगळं मॅन्युअल असूनही पूर्ण फ्रेम एकसारखी धपधपते ती यामुळे. ज्याचं ॲपर्चर हाताने रिंग फिरवून बसतं अशी जुनी मॅन्युअल लेन्स ॲडॉप्टरने लावली की प्रश्न मिटतो. लेन्स पूर्ण उघडी ठेवणं हाही उपाय आहे, पण मग चार सेंटिमीटरच्या वीरूचं नाक फोकसमध्ये आणि टाकी धुकट अशी गत होते. फोनवाल्यांनी हा परिच्छेद विसरावा. बहुतेक फोनचं ॲपर्चर हलतच नाही.

आता वीज. आपल्याकडे घरात येणारी वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साध्या दिव्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला कळत नाही, शटरला कळतं. शटर १/१०० सेकंद ठेवलं तर प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर एक ठोका येतो, १/५० ला दोन, १/२५ ला चार. १/६० ठेवलं तर पावणेदोनच्या आसपास येतात आणि ते दीड-पावणेदोन ठोके कुठून सुरू झाले यावर फ्रेमचा उजेड ठरतो. १/३० चंही तेच. या जातीच्या फ्लिकरची ओळख म्हणजे फ्रेममध्ये आडवे, फिकट पट्टे, जे दर फ्रेमला जागा बदलतात. कार्डशीटवर ते ढगांसारखे दिसतात आणि काही जण ‘चांगला इफेक्ट आला’ म्हणून खूशही होतात.

पण १/५० आणि १/१०० चं गणित जुळवत बसण्यापेक्षा सोपा मार्ग आहे, आणि तो फक्त स्टॉप मोशनवाल्यांच्याच नशिबात आहे. आपल्या विटा हलत नाहीत. म्हणून आयएसओ १०० करा आणि शटर सरळ अर्ध्या सेकंदावर न्या. एका फ्रेममध्ये पन्नास ठोके मावले की एखादा ठोका अर्धवट राहिला तरी आभाळाला पत्ता लागत नाही. चित्रात कण कमी येतात, हा वरचा फायदा. अट एकच: फोन घट्ट बसलेला हवा आणि त्या अर्ध्या सेकंदात टेबलाला कोणी टेकायचं नाही.

दिव्यांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण पैसे इथेच वाया जातात. महाग दिवा लागत नाही. यूएसबीवर चालणारे दोन साधे एलईडी टेबल लॅम्प घ्या आणि पॉवर बँकेवर लावा. भिंतीतल्या विजेची चढउतार त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. एसी सुरू झाला, लिफ्ट निघाली, पंप लागला, यांचं काही देणंघेणं नाही. मात्र दिवा मंद करायचं बटण वापरू नका. बरेच एलईडी मंद होताना प्रत्यक्षात झपाट्याने चालू-बंद होत असतात, म्हणजे आपण विजेचा फ्लिकर काढून बटणाचा फ्लिकर घरात घेतला. दिवा पूर्ण तेजावर ठेवा आणि समोर बटर पेपरचा एक थर लावा, जास्त वाटला तर दुसरा. याने विटांवरची कडक चमकही मरते. रंग बदलणारे स्मार्ट बल्ब आणि जुन्या चोकवाल्या ट्यूब या कामाला नकोत. ट्यूबचा नुसता उजेडच नाही, रंगही ठोक्याठोक्याला बदलतो. आणि दिवे लावून लगेच शूटिंगला बसू नका. एलईडी तापत जाते तसा तिचा उजेड थोडा उतरतो आणि मग स्थिरावतो. पंधरा-वीस मिनिटं आधी लावून ठेवा, तोवर गाव मांडून होतं.

दोष भिंतीतल्या विजेचा आहे की नाही हे ठरवायला तोच दिवा एकदा प्लगवर आणि एकदा पॉवर बँकेवर लावून दोन रिकाम्या धावा घ्या. पहिलीत अधूनमधून एखादीच फ्रेम काळवंडते आणि दुसरी स्वच्छ येते, तर फ्रिज-एसीकडे बोट दाखवायला हरकत नाही. पॉवर बँक मध्येच बंद पडत असेल तर ती बिघडलेलीच असेल असं नाही. फार कमी करंट ओढला जातोय असं वाटून काही पॉवर बँका आपोआप झोपतात. दोन्ही दिवे एकाच बँकेवर लावले की बहुधा जाग्या राहतात.

खिडकीचं म्हणाल तर पातळ पडद्यावर भिस्त ठेवू नका. पावसाळ्यात ठाण्यात दहा मिनिटांत आभाळ तीनदा झाकोळतं आणि ते खरं आभाळ आपल्या खोट्या आभाळावर लगेच दिसतं. दिवे स्थिरावल्यावरही हळूहळू सरकणारा फरक बहुधा खिडकीचाच असतो. घोडबंदर रोडला किंवा खारघरला उंच मजल्यावर राहणाऱ्यांना आणखी एक त्रास असतो: समोरच्या टॉवरच्या काचेवरून आलेलं ऊन. तुमची खिडकी उत्तरेला असली तरी दिवसातल्या ठरावीक वेळी पाच-दहा मिनिटं ते उलटून येतं आणि नाहीसं होतं. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर, रस्त्याकडच्या घरात, रात्री गाड्यांचे दिवे छताला चाटून जातात. नौपाड्यात माझ्या खोलीत बसचे मागचे लाल दिवे काचेतून थेट रामगडात शिरायचे. जांभळी नाक्याच्या बाजारातून काळं जाड कापड आणा, खिडकीच्या चौकटीला चिकटपट्टीने चारही बाजूंनी लावा. नुसतं टांगलं तर पंख्याच्या वाऱ्याने फट उघडते आणि तीच फट वीरूच्या डोक्यावर उजेडाची रेघ मारते.

पंखा बंद करा असं मे महिन्यात ठाण्यात कोणाला सांगायचं धाडस माझ्यात नाही. पण छतावरचा दिवा आणि सेट यांच्यामध्ये पंख्याची पाती येत असतील तर छतावरचा दिवा बंदच हवा, नाहीतर पात्यांची सावली फ्रेममध्ये फिरते. टेबल फॅन असेल तर तो आपल्या पायांवर सोडा, टेबलावर नाही.

एवढं सगळं करून रिकामी धाव स्वच्छ आली, आणि सीन करताना आभाळ पुन्हा लुकलुकलं, तर आरशासमोर उभे राहा.

खारघरची माझी भाची गेल्या सुट्टीत हाच सीन करत होती. फोन लॉक, खिडकी काळी, दिवे पॉवर बँकेवर, सगळं बिनचूक. तरी डावीकडचं आभाळ मधूनमधून उजळायचं, उजवीकडचं नाही.

“मामा, शपथ, आभाळाला मी हातसुद्धा लावला नाही,” ती म्हणाली.

“आभाळाला नाही लावलास. उभी कुठे होतीस?”

“इथेच. म्हणजे वीरूला हलवायला इथे, आणि फोटोला… कधी इथे, कधी तिथे.”

दोन फ्रेम शेजारी ठेवून मोठ्या केल्या. तिने टाकी गोल विटांनी बांधली होती आणि एका फ्रेममध्ये टाकीच्या गोलाईवर पांढरी उभी रेघ होती, पुढच्या फ्रेममध्ये ती नव्हती. ती रेघ म्हणजे तिचा शाळेचा पांढरा शर्ट. लेगोची वीट एबीएस प्लास्टिकची, गुळगुळीत आणि चकचकीत. गोल वीट तर छोटा बहिर्गोल आरसाच. शर्टवर पडलेला दिव्याचा उजेड उलटून टाकीवर आणि डाव्या कार्डशीटवर जात होता. काळा टी-शर्ट घातला, जमिनीवर चिकटपट्टीची फुली मारून ‘फोटोच्या वेळी इथेच’ असं ठरवलं, आणि डावं आभाळ शांत झालं.

तुमच्यामुळे होणारा फ्लिकर असाच एका बाजूला असतो. पूर्ण फ्रेम क्वचित हलते. पांढरा शर्ट, उघडं राहिलेलं कपाट, मागे-पुढे सरकलेली खुर्ची, व्हिट्रिफाइड टाइल्सवरून उलटलेला उजेड, हे सगळे नातेवाईक. लॅपटॉप शेजारी ठेवून त्यावर आधीची फ्रेम बघत असाल तर तोही दिवाच आहे, आणि पडद्यावर काय चाललंय तसा बदलणारा. त्याचं तोंड सेटपासून फिरवा. फोटो घेताना दर वेळी त्याच जागी, त्याच पवित्र्यात उभं राहायचं. कंटाळवाणं आहे, पण या एका सवयीने जेवढा फ्लिकर जातो तेवढा कुठल्याच खरेदीने जात नाही.

काही वेळा उजेड स्थिर असतो आणि सेटच थरथरतो, आणि त्यालाही लोक फ्लिकर म्हणतात. ओळख सोपी: आभाळाचा रंग तोच, पण टाकीची कड पुढे-मागे होते. फोनचं स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवायची सोय) बंद करता येत असेल तर करा. स्टँडवर ठेवलेल्या फोनला ते उगाच हलवतं. एका बाजूला ३२ खुंट्या असलेली चौकोनी बेसप्लेट (विटा बसवायची पाटी) साडेपंचवीस सेंटिमीटरची, पातळ असते आणि मध्ये दाबली की कोपरे उचलते. तिला खालून ब्लू-टॅक (पुन्हा वापरता येणारी चिकट पुट्टी) लावा आणि टेबलाला सी-क्लॅम्पने धरा. वीरूला टाकीवर डोलवताना जोर टाकीवर येतो, म्हणून टाकीच्या पायांत आडव्या विटा घालून ती बेसप्लेटशी नीट बांधा. खुद्द वीरूला फक्त कंबरेशी वाकता येतं, गुडघा नाही, कोपर नाही. दारू प्यायलेला दाखवायला एका पायाखाली ब्लू-टॅकची चिमूट पुरते. विटेवर घट्ट दाबून बसवलात तर दर वेळी उपटताना अख्खी टाकी हलणार.

राहिला सॉफ्टवेअरने लुकलुक काढायचा, म्हणजे डीफ्लिकरचा, प्रश्न. ‘नंतर डीफ्लिकर मारू’ हे वाक्य ऐकलं की मला म्हशीला रोग आणि पखालीला इंजेक्शन आठवतं. एफएफएमपेग नावाच्या फुकट व्हिडिओ सॉफ्टवेअरमध्ये डीफ्लिकरचा फिल्टर आहे, तो आजूबाजूच्या काही फ्रेमच्या उजेडाची सरासरी काढून प्रत्येक फ्रेम त्या पातळीवर आणतो. ॲपर्चरमुळे पूर्ण फ्रेम धपधपत असेल तर त्याने खरंच फरक पडतो. पण शर्टमुळे एकच कड उजळत असेल तर तो पूर्ण फ्रेम काळी करून ती कड भरून काढायला जातो, म्हणजे आता उजवी बाजूही लुकलुकायला लागली. आणि सीनमध्ये तुम्ही मुद्दाम उजेड बदलला असेल, समजा संध्याकाळ होताना दाखवली असेल, तर तोही थोडाफार पुसला जातो.

चार तास घालवून शूट झालंच असेल आणि पुन्हा मांडायची ताकद नसेल, तर टाकीच्या सीनला एक पळवाट आहे. कॅमेरा हललेला नाही आणि आभाळ तर कार्डशीटच आहे. सगळ्यांत स्वच्छ फ्रेममधलं आभाळ घ्या, एडिटिंगमध्ये सगळ्या फ्रेमच्या वर एक थर म्हणून ठेवा आणि टाकी, वीरू आणि खालचं गाव यांच्यापुरती त्या थराला खिडकी कापा. खिडकीची कड थोडी मऊ ठेवा आणि वीरू जास्तीत जास्त जिथवर डोलतो त्याच्या बोटभर बाहेरून कापा, नाहीतर त्याचा हात आभाळात अर्धवट गायब होतो. खिडकीच्या आतली लुकलुक तशीच राहते, पण तिथे हलणारी माणसं असतात, त्यामुळे नजर अडत नाही. यासाठी शूटिंग आवरताना, दिवे बंद करायच्या आधी, सगळी माणसं उचलून नुसत्या सेटच्या दोन-तीन फ्रेम घेऊन ठेवायच्या. मग वीरूच्या मागचं आभाळही त्यातून मिळतं.